कुणाचे काय चुकले?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या आईने शेवटपर्यंत ग्रहणाच्या वेळी विळीला हात लावला नाही. धाकटा पोटात असताना एका ग्रहणात तिने कांदा चिरला होता, असे आमच्या दादीचे म्हणणे होते. खरे म्हणजे ग्रहण पाळण्याशी आमच्या धर्माचा काही संबंध नाही. उलट सूर्यचंद्रांना ग्रहण लागते ते कुणाच्या जन्मासाठी किंवा मरणासाठी नव्हे, असे पैगंबरांनी सांगितल्याचे आमचे मौलवी सांगत. पण गल्ली एकच होती. शेजारच्या काकू आमच्या पिराला नवस बोलायच्या आणि आम्ही त्यांचे ग्रहण पाळायचो. त्या एका कांद्यापायी माझ्या धाकट्या भावाची बुद्धी गेली, असा निकाल लागला आणि तो निकाल अम्माला पुढे तीसेक वर्षे ऐकवला जात राहिला. ती भांडली नाही. फक्त कधी रात्री धाकट्याच्या डोक्याला तेल लावताना स्वतःशीच म्हणायची, "मेरा क्या चुक्या?"

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे बांगड्यांचे दुकान. धाकट्याचा जन्म १९७४ चा. त्याने मान उशिरा धरली, बसायला लागला तेव्हा त्याच्या वयाची पोरे धावत होती. पाचव्या वर्षी त्याच्याकडे चार-पाच शब्द होते. मग सुरू झाले सगळे सोपस्कार. पीर झाले, ताईत झाले, काकूंच्या सांगण्यावरून खंडोबा झाला, बदाम आणि ब्राह्मी झाली. शेवटी अब्बा त्याला एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन मिनिटे पाहिले आणि चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द लिहून दिले. अब्बा ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने वाचून सांगितले, "चाचा, हे औषधाचं नाव नाही. मेंटली रिटार्डेड लिहिलंय." अब्बांनी ती चिठ्ठी बरीच वर्षे जपून ठेवली होती. का ते मला कधी कळले नाही.

माझेही एक सांगून टाकतो. सातवीत असताना नव्या मित्राने विचारले, "दुकानात बसतो तो कोण रे?" मी म्हणालो, "नोकर आहे."

मी बी. ए. झालो, कविता लिहितो. डॉक्टर नाही. पण अम्माचा प्रश्न डोक्यातून जाईना, तेव्हा मी इतिहासाच्या वाटेने त्याच्याकडे गेलो. बुद्धीने मागे राहिलेले मूल का जन्मते, या प्रश्नाला माणसाने वेळोवेळी काय उत्तरे दिली, हे पाहू लागलो. पाहता पाहता लक्षात आले, की अम्मा काही एकटी नव्हती. जगभर या प्रश्नाचे पहिले उत्तर एकच होते : आई.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे वेडा, खुळा, मंद हे सगळे एकाच पोत्यात. इंग्लंडमध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस यांतला फरक मांडला. वेडा माणूस चुकीच्या कल्पना जोडून त्यांवरून तर्क करतो आणि मंदबुद्धी माणूस फारसे तर्कच करू शकत नाही, असे त्याचे म्हणणे. आज ते ढोबळ वाटेल. पण एक आजार आहे, येतो आणि जातोही. दुसरे म्हणजे वाढच सावकाश होणे, हा भेद त्याने केला. आपल्या कायद्याला तो पचायला वेळ लागला. १९१२ च्या 'लुनसी अॅक्ट'मध्ये जन्मजात मंदबुद्धी माणूस वेड्यांच्याच व्याख्येत होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला त्यातून बाहेर काढले, १९९५ च्या कायद्याने अपंगांमध्ये धरले आणि २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक दिव्यांगत्व' हा शब्द दिला. माझा भाऊ तोच आहे. त्याच्या हयातीत नावे मात्र चार झाली.

उत्तरांपैकी एक आमच्याकडचे सांगतो. पाकिस्तानातल्या पंजाबात गुजरात नावाचे शहर आहे. तिथे शाहदौला या सतराव्या शतकातल्या सूफी संताचा दर्गा आहे. मूल होत नसलेल्या बायका तिथे नवस बोलत. दुआ कबूल झाली तर पहिले मूल दर्ग्याला द्यायचे, आणि ते पहिले मूल अगदी लहान डोक्याचे, मंदबुद्धीचे निपजते, अशी समजूत. या मुलांना 'शाहदौलाचे चूहे' म्हणत. हिरवा झगा घालून फकिरांबरोबर ती भीक मागत फिरत. इंग्रजी अमलात साहेबांनी आणि डॉक्टरांनी यावर बरेच लिहिले. धडधाकट मुलांच्या डोक्यावर लोखंडी टोप चढवून कवटी वाढू देत नाहीत, ही अफवा तेव्हापासून आजवर चालत आली आहे. म्हणजे एक म्हणणार संताची करणी, दुसरा म्हणणार फकिरांची करणी. डोके मुळात लहानच घेऊन मूल जन्माला येऊ शकते, हे दोघांच्याही गावी नाही.

वैद्यकात याला 'मायक्रोसेफली' म्हणतात. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी या दोषाशी जोडलेली जनुके शोधली, तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या कुटुंबांत मुळची पाकिस्तानी कुटुंबे होती आणि त्यांच्यात चुलत-मावस भावंडांची लग्ने होण्याची रीत होती. या रीतीकडे मी पुढे येणार आहे, कारण ती आमच्या घरातही होती.

आता अकबराकडे वळू. मुलाला बोलणे शिकवलेच नाही तर ते कोणती भाषा बोलेल, हे बादशहाला पाहायचे होते. १५७८ च्या सुमारास वीसेक तान्ही मुले एका वाड्यात ठेवली गेली. दायांना सक्त ताकीद, तोंडातून शब्द काढायचा नाही. चार वर्षांनी, १५८२ मध्ये, बादशहा तिथे गेला. अबुल फज्लने लिहून ठेवले आहे, की त्या घरातून बोलण्याचा शब्द ऐकू आला नाही. लोक त्या वाड्याला 'गुंग महल' म्हणू लागले. बादशहा मोठा असला तरी प्रयोग क्रूरच. पण त्याने एक गोष्ट नकळत सिद्ध झाली. निरोगी मेंदू असलेले मूलही केवळ माणसाच्या बोलण्यावाचून मुके राहू शकते. सगळेच काही गर्भातून ठरून येत नाही.

हाच धडा फ्रान्समध्ये दुसऱ्या बाजूने शिकला गेला. १८०० साली आव्हेरॉनच्या रानातून आलेला बारा-एक वर्षांचा मुलगा लोकांच्या हाती लागला. नागडा, मुका, चावणारा. मोठमोठ्या तज्ज्ञांनी सांगितले, हा जन्मजात मंदबुद्धी आहे, सोडून द्या. झां इटार नावाच्या तरुण डॉक्टरने सोडले नाही. त्याने त्याला व्हिक्टर हे नाव दिले आणि पाचेक वर्षे शिकवले. व्हिक्टर बोलायला शिकला नाही. मात्र थंडी-ऊन ओळखू लागला, अक्षरे जुळवू लागला, आणि घरची माणसे दुखावली की कष्टी होऊ लागला. इटार स्वतःला अपयशी समजत राहिला. त्याचा शिष्य एदुआर सेगॅन मात्र म्हणाला, पद्धत बरोबर आहे, ती नेटाने चालवायला हवी. १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये त्याने या मुलांना शिकवायला सुरुवात केली. आधी हात, डोळे, कान; मग अक्षर. रंग जुळव, लहानमोठे ठरव, गुळगुळीत-खरखरीत ओळख. पुढे तो अमेरिकेत गेला आणि तिथेही शाळा उभ्या राहिल्या.

आता गंमत पाहा. इटलीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी मतिमंद मुलांसाठी काम करताना सेगॅनची पुस्तके वाचली, साधने बनवली, आणि मग विचार केला, की ही मुले यातून एवढे शिकतात तर इतर मुले किती शिकतील? त्यातून माँटेसरी पद्धत निघाली. गिजुभाई आणि ताराबाई मोडकांनी ती आपल्याकडे रुजवली. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला, मग कोसबाडच्या टेकडीवर तिला आपल्या मातीचे रूप दिले. आज आपल्या अंगणवाडीत मूल मणी ओवते, ठोकळे रचते, त्याचा उगम पॅरिसमधल्या त्या 'वाया गेलेल्या' मुलांच्या वर्गात आहे. हुशार मुलांच्या पालकांनी एवढे तरी कर्ज मानावे, असे मला वाटते.

आणि आमच्या दुकानात काय चालले होते? अब्बांनी सेगॅनचे नावही ऐकले नव्हते. धाकट्याला रिकामे बसवायला नको म्हणून ते फुटकळ बांगड्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवत. हिरव्या एकीकडे, लाल एकीकडे. ते जमले तेव्हा मापे. पहिल्या वर्षी त्याने फोडल्याच जास्त. दहाव्या वर्षी तो नुसत्या बोटांनी सांगायचा, ही सव्वादोनची, ही अडीचची. बोलायला शब्द कमी पडत म्हणून टोपलीत ठेवून दाखवायचा.

यानंतरचा काळ सांगायला बरा वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या सॅम्युअल हो यांनी या मुलांसाठी शाळा काढली खरी, पण १८४८ च्या अहवालात दोष ठेवला तो आईबापांच्या दारूवर आणि बेताल वागण्यावर. पुढच्या पिढीने तेही मागे टाकले. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची कसोटी तयार केली ती शाळेत कुणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. अमेरिकेत तीच कसोटी माणसे बाजूला काढण्यासाठी वापरली गेली. हेन्री गॉडर्डने १९१२ मध्ये एका घराण्याची कहाणी छापून दाखवले, की मंदपणा आणि दुर्गुण दोन्ही रक्तातून उतरतात. ते पुस्तक शास्त्र म्हणून खपले. पुढे त्यातला पुरावाच कच्चा निघाला. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ती मतिमंद नव्हतीच, हे पुढे उघड झाले. अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३९ पासून दोन वर्षांत सत्तर हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण वायूच्या कोठड्यांत मारले, आणि मुलांसाठी तर वेगळी योजनाच होती. अम्माला दोष देणारी दादी निदान त्याला मांडीवर घेऊन भरवायची. मला दादीचा राग आला, की मी हे आठवतो.

याच काळात, याच युरोपात, एक आई एका रसायनशास्त्रज्ञाच्या दाराशी उभी होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटणारी बाई ती.

नॉर्वेमधल्या बोर्ग्नी एगेलँड यांना दोन मुले. लिव्ह १९२७ ची, दाग १९३० चा. दोघेही जन्मले तेव्हा ठणठणीत. लिव्ह चालायला उशिरा लागली, बोलणे जेमतेम आले. दाग तर बसायलाही शिकला नाही. बोर्ग्नीने डॉक्टर पालथे घातले. सगळ्यांचे एकच, काही करता येणार नाही. पण तिला एक गोष्ट खटकत होती. दोन्ही मुलांच्या लघवीला विचित्र, कुबट वास येई. डॉक्टरांनी ते कानावर घेतले नाही. आईच्या नाकाला कोण विचारतो?

१९३४ मध्ये तिच्या नवऱ्याच्या ओळखीने ती आस्ब्यॉर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. ते डॉक्टरही होते आणि रसायनशास्त्रज्ञही. त्यांनी लघवीचा नमुना घेतला आणि नेहमीच्या तपासणीतले फेरिक क्लोराइड त्यात टाकले. मधुमेहाच्या काही रोग्यांत तांबूस-तपकिरी रंग येतो. इथे गडद हिरवा आला आणि काही मिनिटांत विरून गेला. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. एखादे औषध कारण असेल म्हणून त्यांनी सगळी औषधे बंद करायला लावली. रंग पुन्हा हिरवाच. मग ती आई आठवड्यामागून आठवडे बाटल्या भरून आणत राहिली, वीसेक लिटर तरी, आणि फोलिंग ते द्रव्य वेगळे करत बसले. शेवटी सापडले : फिनाइलपायरुविक आम्ल. नंतर त्यांनी आश्रमशाळांमधल्या ४३० जणांची तपासणी केली आणि आणखी आठ जणांत तोच हिरवा रंग आला.

पुढे उलगडा झाला तो असा. दूध, अंडी, डाळ, मटण यांतल्या प्रथिनांमध्ये फिनाइलअॅलनिन नावाचा घटक असतो. यकृतातले एक विकर त्याचे रूपांतर करते. काही मुलांत ते विकर जन्मतःच काम करत नाही. मग हा घटक रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूला विष होतो. म्हणजे आई दूध पाजत असते आणि तेच बाळाला बाधत असते. यात आईचा दोष काय? या विकाराला आज 'फिनाइलकीटोन्युरिया', थोडक्यात 'पीकेयू' म्हणतात. बुद्धी मंद होण्यामागे ठोस, बाटलीत धरून दाखवता येईल असे रासायनिक कारण असू शकते, हे जगाला इथे पहिल्यांदा इतके स्वच्छ दिसले.

उपाय यायला आणखी सतरा-अठरा वर्षे गेली. बर्मिंगहॅममध्ये शीला नावाच्या मुलीची आई रोज सकाळी हॉर्स्ट बिकल यांच्या प्रयोगशाळेसमोर उभी राहायची. निदान झाले ना, मग उपाय का नाही? तिच्या तगाद्यामुळे बिकल आणि सहकाऱ्यांनी फिनाइलअॅलनिन काढून टाकलेला आहार तयार केला. दोनेक वर्षांची शीला काही महिन्यांत रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे केस काळे होऊ लागले. आहाराचाच परिणाम आहे ना, हे पाहण्यासाठी गुपचूप तो घटक पुन्हा दिला, तर ती काही दिवसांतच मागे गेली. हे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हा आहार जन्मानंतर लगेच सुरू झाला तरच मेंदू वाचतो. म्हणजे विकार दिसायच्या आधी ओळखायला हवा. ते काम अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी केले. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या मागे होता आणि मेव्हणीच्या मुलीला पीकेयू निघाला होता. तोही उशिरा, सव्वा वर्षाची झाल्यावर. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि तपासायचा, अशी स्वस्त चाचणी त्यांनी शोधली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती सक्तीची केली. नवजात बाळांच्या तपासणीची सुरुवात ती हीच.

साहित्याचा माणूस म्हणून इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. 'द गुड अर्थ' लिहिणाऱ्या, १९३८ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या पर्ल बक यांची मुलगी कॅरल हिला हाच विकार होता. ती जन्मली १९२० मध्ये, फोलिंग यांच्या चौदा वर्षे आधी. तिच्या आयुष्यभराच्या देखभालीसाठी पैसा हवा, हेही बक यांच्या लिहिण्यामागचे एक कारण होते. पण मुलीबद्दल उघडपणे लिहायला त्यांना १९५० साल उजाडावे लागले. इतक्या मोठ्या लेखिकेला तीस वर्षे लागली, हे वाचले तेव्हा सातवीतल्या मुलाला मी थोडा माफ केला. पूर्ण नाही.

पण पीकेयू हे एक कारण झाले. लायोनेल पेनरोज या इंग्रज डॉक्टरांनी १९३८ मध्ये १२८० व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले, की बाहेरून एकच नाव दिलेल्या या अवस्थेमागे कारणे नाना प्रकारची आहेत. डाऊन सिंड्रोम घ्या. लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले, पण चेहरेपट्टीवरून त्यांना 'मंगोल' म्हटले. तो शब्द जवळजवळ शंभर वर्षे चालला. १९५९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले, की या मुलांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. बहुतेक वेळा ही एक जास्तीची प्रत पेशी विभागताना झालेली चूक असते. ती कुणी करत नाही, होते. डाऊन यांच्या स्वतःच्या नातवाला हाच सिंड्रोम होता.

आणि मीठ. हिमालयाच्या पायथ्याशी गळ्याला गाठी असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्यात बहिरी-मुकी, खुजी, मंदबुद्धीची मुले जन्मत. लोक पाण्याला, डोंगराला, दैवाला दोष देत. कारण मातीत होते, म्हणजे मातीतून वाहून गेलेल्या आयोडीनमध्ये. गरोदर आईला आयोडीन मिळाले नाही तर गर्भाच्या मेंदूची वाढच खुंटते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचे मीठ, एका भागाला साधे. पाचेक वर्षांत दोन भागांतल्या गाठी झपाट्याने कमी झाल्या, साध्या मिठाच्या भागात जैसे थे. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी मात्र एकदा २००० मध्ये उठली आणि २००६ पासून पुन्हा आली. टाळता येण्याजोग्या बौद्धिक हानीचे जगातले सर्वांत मोठे कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आयोडीनच्या अभावाचे नाव घेतले आहे. एवढे मोठे कारण, आणि उपाय आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी.

बाकीची कारणे भराभर सांगतो. गरोदरपणी आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू यांना धोका. म्हणून २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. जन्मतः थायरॉइड काम न करणे. वेळेवर कळले तर एका स्वस्त गोळीने मूल अगदी इतरांसारखे वाढते. जन्मानंतरची तीव्र कावीळ. मेंदूज्वर. डोक्याला मार, 'चौकट राजा' सिनेमातला नंदू झाडावरून पडलेला असतो, हे तुम्हाला आठवत असेल. आणि अडलेली बाळंतपणे, ज्यांत बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो.

धाकट्याच्या वेळी अम्मा दोन दिवस अडली होती. घरीच, सुईणीच्या हाती. बाळ निळे पडले होते आणि बराच वेळ रडले नव्हते. ही हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती, पण ती कारण म्हणून कुणी सांगत नसे; सांगत ती धाकटा किती चिवट, याची गोष्ट म्हणून. कारण मात्र कांदा!

आणि दुसरी गोष्ट. अम्मा आणि अब्बा मावस भावंडे. हे बोलायला आमच्यात अवघड जाते, म्हणून मुद्दाम बोलतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते, आपल्याला पत्ताही लागत नाही. नवराबायको एकाच आजीआजोबांची नातवंडे असली, तर दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो आणि तशा प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. अशा बहुतेक जोडप्यांची मुले चांगलीच असतात, हेही खरे; पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. याला धर्माचे लेबल लावू नये. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणारी हिंदू घरे मी लहानपणापासून पाहिली आहेत. माझ्या पुतणीचे लग्न घरातल्या घरात ठरत होते तेव्हा मी विरोध केला. दोन वर्षे एका नातेवाइकाने माझ्याशी बोलणे टाकले होते.

धाकट्याच्या बाबतीत यांतले नेमके काय? पस्तिशीत त्याला तपासणाऱ्या एका समजूतदार डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की दोन्हींपैकी काहीही असेल, आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. अनेक मुलांच्या बाबतीत असे होते. पण त्या अम्माकडे वळून असेही म्हणाल्या, "यात तुमचं काही चुकलं नाही बरं का." हे वाक्य अम्माने पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

आपल्याकडेही वाट काढली ती पालकांनीच. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीपायी सुरू केली. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनीची शाळा काढली, त्यामागेही घरातले मूल होते. सरकारची पावले उशिरा पडली. गोव्यात २००८ मध्ये नवजात बाळांच्या तपासणीचा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू झाला. मुलांमधले दोष आणि वाढीतली दिरंगाई लवकर ओळखण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरहून. ताराबाईंचे कोसबाड तिथून फार लांब नाही.

बोर्ग्नीची गोष्ट मी अम्माला सांगितली होती. दुकान बंद केल्यावर, धाकटा शेजारी बसलेला. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "उसके बच्चे अच्छे हुए क्या?" मी म्हणालो, नाही. तो मुलगा सहाव्या वर्षी गेला. त्यांच्यासाठी फार उशीर झाला होता. फायदा झाला तो दुसऱ्यांच्या मुलांना. अम्मा बराच वेळ गप्प होती. "उसकू बी बोले होंगे ना लोकां," एवढेच म्हणाली.

१५ जानेवारी २०१० ला शुक्रवार होता. भर दुपारी सूर्यग्रहण. जुम्म्याची नमाज करून मी घरी आलो तर अम्मा ओट्यावर उभी राहून शेजारच्या काकूंशी बोलत होती. त्यांची नातसून पहिलटकरीण, सातवा महिना. तिला सकाळपासून आतल्या खोलीत बसवले होते, पाण्याचा घोट नाही. अम्मा म्हणत होती, "काकी, पोरीला पाणी तरी पिऊ द्या. ग्रहणानं काय होत नाही. माझ्या पोरानं पुस्तकात वाचलंय." काकू आत गेल्या. भांड्याचा आवाज आला.

मी घरात आलो. चुलीवर डाळ होती, कांदे परातीत तसेच पडले होते आणि विळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. अम्मा मागून आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "साडेतीन बजे तक रुक. फिर काटती."